निश्चयाला नको, जागेला विचारा : वाचकांचे प्रश्न

गुढीपाडव्याच्या अंकात आम्ही वाचकांना विचारले होते की, रोजच्या जगण्यात छोटासा पण कायमचा बदल करायचा म्हटले की नेमके कुठे अडते. नाशिक शहर आणि जिल्ह्यातून त्यावर जी पत्रे आली, त्यांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. नेहमीप्रमाणे नावे गाळली आहेत आणि लांबलेली पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते, वय ४६. दर १ जानेवारीला आणि दर पाडव्याला ठरवते की पहाटे साडेपाचला उठून इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पाऊण तास चालायचे. दोन-तीन आठवडे नेमाने जाते. मग कधी पाहुणे येतात, कधी मुलाची परीक्षा असते, आणि एकदा खंड पडला की पुन्हा जाणे होत नाही. सलग २१ दिवस केले की सवय लागते, असे सगळेच सांगतात. माझ्यात निश्चयच कमी आहे का?

उत्तर : नाशिकच्या जानेवारीत, दारे-खिडक्या घट्ट लावून अवघे शहर पांघरुणात असताना, जी बाई पहाटे साडेपाचला बूट घालून बाहेर पडते तिच्यात निश्चय कमी आहे, असे म्हणणे धाडसाचे होईल. आपला निश्चय पुरेसा होता. त्याच्याकडून अपेक्षा मात्र अशी केली गेली की त्याने रोज पहाटे नव्याने लढावे आणि रोज जिंकावे, आणि ते कोणाच्याही निश्चयाला फार काळ जमत नाही.

आधी त्या २१ दिवसांचे पाहू, कारण या आकड्याने जितक्या लोकांना उमेद दिली असेल त्याहून अधिक लोकांना बाविसाव्या दिवशी अपराधी वाटायला लावले असावे, असे माझे मत आहे. हा आकडा बहुतेक ठिकाणी अमेरिकन प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्यापर्यंत नेला जातो. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवस तरी लागतात, असे निरीक्षण त्यांनी १९६० साली नोंदवले होते. त्यातला ‘किमान’ हा शब्द पुढे गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी चालणे, वाचन, ध्यानधारणा असे काहीही येऊन बसले. प्रत्यक्ष सवयींचे मोजमाप त्यानंतर पुष्कळ उशिरा झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक साधी कृती रोज एकाच प्रसंगाला जोडून करायला सांगितली, उदाहरणार्थ न्याहारीनंतर पाणी पिणे किंवा जेवणाआधी थोडे धावून येणे, आणि ती कृती किती आपोआप घडते याची नोंद ठेवली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मध्यावर येणारा आकडा ६६ दिवसांचा निघाला. पण माणसा-माणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. अभ्यास १२ आठवड्यांचाच असल्यामुळे त्यातले मोठे आकडे अर्थातच आलेखावरून काढलेले अंदाज आहेत. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या आणि व्यायामाला अधिक वेळ लागला, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. आणि त्याहून महत्त्वाचे हे की, मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या क्रमात फारसे बिघडले नाही. पाहुणे आले म्हणून एक दिवस ट्रॅकवर जाता आले नाही, एवढ्याने आपले काही वाया गेले नव्हते. ‘आता मोडलेच’ असे मानून आपण दुसऱ्या दिवशी गेला नाहीत, तिथे ते मोडले.

आता उपाय. पहाटेचे चालणे आपल्या घरातल्या कोणत्याच ठरलेल्या गोष्टीला जोडलेले नाही. ते आहे फक्त गजराला जोडलेले, आणि गजर बंद करता येतो. त्याउलट आपल्याच पत्रात एका ठिकाणी ओझरते आले आहे की, संध्याकाळी बँकेतून परतल्यावर आपण गाडी लावता, जिना चढता, पर्स टेबलावर ठेवता आणि सोफ्यावर बसता, ते थेट कुकर लावायलाच उठता. ही साखळी कित्येक वर्षांची आहे आणि तिला निश्चयाची गरज पडत नाही. तिच्यातच एक कडी घालायची आहे. चालण्याचे बूट माळ्यावरच्या खोक्यातून काढून दाराच्या आत, चपलांच्या शेजारी ठेवावेत. पर्स ठेवली की सोफ्याकडे न वळता बूट चढवावेत आणि सोसायटीच्या भोवती दहा मिनिटे फिरून यावे. पाहुणे बसलेले असले तरी दहा मिनिटांसाठी कोणी रागावत नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत मुलालाही तेवढा वेळ आईच्या नजरेतून सुटका हवीच असते.

दहा मिनिटे फार कमी वाटतील, आणि ती कमीच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. रोजची दहा मिनिटे धरली तर ७० मिनिटेच होतात. छोटी सवय हेच आरोग्य, असा जो सूर हल्ली सगळीकडे ऐकू येतो तो मला पटत नाही. छोटेपणाचा उपयोग एवढाच की सर्वांत वाईट दिवशीसुद्धा ती गोष्ट जमावी आणि तिची बैठक बसावी. पर्स ठेवताच पाय आपोआप बुटांकडे वळू लागले की मग दहाची वीस, विसाची तीस मिनिटे करणे अवघड जात नाही. ते पावसाळ्यापर्यंत होईल की दिवाळीपर्यंत, याचा हिशेब आत्ताच करू नये.

प्रश्न : सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशीनवर आहे. पहिली, दुसरी, तिसरी अशी पाळी दर आठवड्याला बदलते. साखर काठावर आली आहे. डॉक्टर म्हणतात, रोज ठरलेल्या वेळी चाला आणि गोड कमी करा. आम्हाला ठरलेली वेळच नसते, तर सवय लावायची कशी?

उत्तर : ‘ठरलेली वेळ’ याचा अर्थ घड्याळातली वेळ असाच घ्यायला हवा, असे नाही. पाळी कोणतीही असो, काही गोष्टी दर पाळीत त्याच क्रमाने घडतात: कार्ड पंच होते, चहा येतो, डबा उघडतो, डबा खाऊन झाला की नळावर धुतला जातो. तिसऱ्या पाळीत तो रात्री एक वाजता धुतला जात असेल आणि पहिल्या पाळीत सकाळी साडेदहाला, पण धुतला जातो हे नक्की. म्हणून आपले चालणे डब्याला जोडा: डबा धुऊन पिशवीत ठेवला की शेडपासून गेटपर्यंत आणि परत. जेवणानंतर लगेच चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, त्यामुळे आपल्या बाबतीत ही वेळ औषधी दृष्टीनेही योग्यच आहे. साखरेवर गोळ्या चालू झाल्या असतील तर मात्र हा बेत एकदा डॉक्टरांच्या कानावर घालावा.

बेत कसा बोलायचा, यानेही फरक पडतो. ‘मी जास्त चालणार आहे’ आणि ‘डबा धुतला की मी गेटपर्यंत जाणार आहे’ ही दोन वाक्ये ऐकायला सारखीच वाटतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘अमुक झाले की तमुक करीन’ या प्रकारच्या बेतांवर १९९० च्या दशकात बरेच काम केले. पुढे ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर २००२ साली झालेल्या एका प्रयोगात, व्यायामाचे महत्त्व पटवून दिलेल्या गटातल्या साधारण एक तृतीयांश जणांनीच पुढच्या आठवड्यात एकदा तरी व्यायाम केल्याचे सांगितले, तर ज्यांना दिवस, वेळ आणि ठिकाण लिहून काढायला लावले होते त्या गटातल्या दहापैकी नऊ जणांनी केल्याचे सांगितले. महत्त्व आपल्यालाही पटलेलेच आहे. रक्ताच्या अहवालाने ते काम केले आहे. राहिले आहे ते ठिकाण ठरवणे.

गोडाचे म्हणाल तर प्रश्न बहुधा मिठाईचा नाही. कँटीनचा चहा मोठ्या पातेल्यात साखर घालूनच उकळतो आणि तिसऱ्या पाळीत झोप उडवण्यासाठी तो चार-पाच वेळा घेतला जातो. एका कपात दोन चमचे धरले तर पाच कपांत दहा चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर झाली. वरून मिसळलेली साखर प्रौढाने दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आसपास आणावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कँटीनवाल्याला आपल्यासाठी वेगळा चहा करायला सांगणे दोन दिवस चालेल, तिसऱ्या दिवशी नाही. त्यापेक्षा आजपासून पूर्ण कपाऐवजी कटिंग घ्या. चहाच्या वेळा तशाच राहतील, गप्पा तशाच राहतील आणि साखर निम्म्यावर येईल. महिन्याभराने त्यांतला एक कटिंग सोडता येतो का, ते पाहा.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात माझी पाच एकर द्राक्षबाग आहे. फवारणीच्या नोंदी रोजच्या रोज लिहायच्या, असे दरवर्षी ठरवतो. ऑक्टोबर छाटणी झाली की डावणी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांच्या धास्तीने बागेतून पाय निघत नाही, वही घरी कपाटात पडून राहते आणि शेवटी निर्यातदाराने नोंदी मागितल्या की बसून आठवून लिहितो. हे कधी सुधारणार?

उत्तर : दादा, आपण स्वतःच उत्तर लिहून पाठवले आहे: वही घरी कपाटात असते. फवारणी बागेत होते, औषध मोटारीजवळच्या खोलीत मापले जाते आणि वही मात्र तिसऱ्याच जागी. रात्री अंग धुऊन जेवायला बसेपर्यंत ‘उद्या लिहू’ हे ठरलेलेच.

वही औषधाच्या खोलीत आणा. जिथे मापाचे भांडे टांगलेले असते त्याच खिळ्याला ती सुतळीने बांधा आणि सोबत पेन नको, पेन्सिल बांधा, कारण ओल्या हाताने आणि दमट कागदावर पेन उठत नाही. ब्लोअरच्या, म्हणजे फवारणी यंत्राच्या, टाकीत पाणी भरायला लागते तेवढा वेळ आपण नुसते उभेच असता. नोंद त्या वेळात होते: तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण, किती लिटर पाणी. धावपळीच्या दिवशी एवढेही जमले नाही तर तारीख आणि औषधाचे नाव एवढेच लिहायचे आणि बाटलीवरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. बाकीचे त्यावरून दुसऱ्या दिवशी भरता येते. आठवणीवरून मात्र येत नाही. मजुरीची नोंद वेगळी ठेवा आणि ती पैसे हातात देतानाच करा. ‘रोज’ हा शब्दही सोडून द्या. फवारणी रोज नसते, मग ज्या दिवशी लिहिण्यासारखे काही नाही त्या दिवशी वही कोरी राहिली तर त्यात खंड कसला?

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या मुहूर्ताची. आपण दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे बागेची सर्वांत जास्त ओढाताण असते तेव्हाच, ही सवय लावू पाहता. आत्ता खरड छाटणी (उन्हाळ्यातली छाटणी) चालू आहे किंवा नुकतीच झाली असेल. काडी तयार होण्याच्या या काळातही फवारण्या असतातच, पण त्यांच्यात दम घ्यायला जागा असते. आजपासून पेन्सिल खिळ्याला बांधली तर गोडी, म्हणजे ऑक्टोबरच्या, छाटणीपर्यंत पाच-सहा महिने हाताला वळण लागायला मिळतात.

या वहीचे महत्त्व आपल्याला सांगायला नको, तरी इतर वाचकांसाठी लिहिते. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीत निर्यातीसाठी नोंदवलेल्या बागेला फवारणीच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, आणि शेवटची फवारणी ते काढणी यांतले अंतर तारखेवरूनच मोजले जाते. आठवून लिहिलेली तारीख पाच-सात दिवस इकडेतिकडे झाली की कागदावर बाग सुरक्षित दिसते आणि प्रयोगशाळेत औषधाचे अंश सापडतात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षे अडकली होती, ते जिल्ह्यातले बागायतदार विसरलेले नाहीत. कधी, काय आणि किती मारले हे सांगू शकणारा अशा वेळी वहीखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, कॉलेज रोडजवळच्या एका अभ्यासिकेत बसतो. पुस्तक उघडले की हात आपोआप मोबाइलकडे जातो. ॲप काढून टाकली, परत टाकली. काय करू?

उत्तर : तुम्ही ॲप बदलता, जागा बदलत नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रपट पाहायला आलेल्यांपैकी काहींना ताजे आणि काहींना आठवडाभराचे शिळे पॉपकॉर्न दिले. ज्यांना चित्रपटगृहात पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले, आणि ते आवडले नाही असेही सांगितले! अशीच सवय असलेल्या दुसऱ्या काहींना मीटिंगच्या खोलीत बसवले तेव्हा मात्र त्यांनी शिळे कमी खाल्ले. आणखी काहींना चित्रपटगृहातच नेहमीच्या उलट हाताने खायला लावले तेव्हाही सवय सैल पडली. तुमचा हातही मोबाइल आवडतो म्हणून जात नसेल. टेबलाचा तो कोपरा, पुस्तकाशेजारी पालथा ठेवलेला फोन आणि अवघड परिच्छेद हे तिन्ही एकत्र आले की तो जातो. फोन बॅगेत आणि बॅग अभ्यासिकेच्या दाराशी असलेल्या रॅकवर ठेवा. घड्याळासाठी मनगटी घड्याळ वापरा. बसण्याची जागा आठवडाभर बदलून पाहा. उठून दारापर्यंत जाण्याचा कंटाळा हा या कामी तुमच्या निश्चयापेक्षा भरवशाचा सोबती आहे.

प्रश्न : माझे यजमान रोज संध्याकाळी पितात, गेली बारा-चौदा वर्षे. आता ते रोज थोडी थोडी कमी करतो म्हणतात. छोट्या छोट्या पावलांनी हे सुटेल का? (सिडको)

उत्तर : ताई, या सदरात बाकी सर्वांना मी जे सांगितले ते आपल्या घराला लागू करू नका. इतकी वर्षे रोज मद्य घेणाऱ्याचे शरीर त्यावर अवलंबून झालेले असू शकते, आणि ते मनाने एकाएकी बंद केल्यास हातपाय थरथरणे, भ्रम होणे, फिट येणे असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. दुसरीकडे, घरच्या घरी ‘थोडी थोडी’ कमी करण्याचे वचन बहुधा पहिल्या भांडणापर्यंत टिकते. म्हणून पहिले पाऊल एकच आहे: मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात त्यांना घेऊन जाणे, आणि ते येत नसतील तर आपण एकट्याने जाऊन बोलणे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीतून बोलता येते. त्यांच्या पिण्याला आपण जबाबदार नाही, हेही लिहून ठेवते, कारण आपल्या पत्रात तसा सूर आहे.

प्रश्न : नाशिकरोडच्या प्रेसमधून (सरकारी छापखान्यातून) गेल्या वर्षी निवृत्त झालो. नोकरीत असताना पहाटे उठणे, अर्धा तास सायकल, वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचणे, सगळे घड्याळाबरहुकूम होते. आता दिवसभर मोकळा आहे आणि एकही गोष्ट होत नाही. चाळीस वर्षांच्या सवयी वर्षभरात कशा गेल्या, याचे आश्चर्य वाटते आणि स्वतःची लाजही.

उत्तर : काका, लाज वाटण्यासारखे यात काही नाही. त्या सवयी जितक्या आपल्या होत्या तितक्याच प्रेसच्याही होत्या. सायकल होती कारण गेट गाठायचे होते. पहाट होती कारण पाळी होती. वर्तमानपत्र बारकाईने वाचले जात होते, कारण जेवणाच्या सुट्टीत त्यावर वाद घालायला चारचौघे होते. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणे आणि दूरदर्शन पाहणे याच सवयी त्यात तपासल्या होत्या, आणि नव्या ठिकाणी भोवतालची परिस्थिती जुन्यासारखी राहिली तिथे त्या टिकल्या. जिथे ती बदलली तिथे त्या सुटल्या. आपल्या बाबतीत तर गेट, पाळी आणि मंडळी ही तिन्ही एका दिवसात गेली.

म्हणून ‘पूर्वीसारखे’ सगळे एकदम परत आणायच्या मागे लागू नका. सायकलला पोहोचायला एक ठिकाण द्या. घरी येणारे वर्तमानपत्र पुढच्या महिन्यापासून बंद करा आणि ते जवळच्या वाचनालयात जाऊन वाचा. सूनबाई तक्रार करतील, त्यांना शब्दकोड्याचे पान फोटो काढून पाठवता येईल. वाचनालय उघडण्याची वेळ ही आपली नवी पाळी. या शहरात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, आणि वर्तमानपत्राच्या टेबलाभोवती रोज त्याच खुर्च्यांत बसणारी मंडळी अजूनही बहुतेक वाचनालयांत असतात. त्यांच्यापैकी एकाशी तरी अग्रलेखावरून मतभेद होईपर्यंत नेमाने जावे. नंतर तो आपली वाट पाहील, आणि पहाटे उठण्याचे काय करायचे हा प्रश्न आपण पावसाळ्यानंतर, पुन्हा सायकल काढण्याजोगे रस्ते झाले की, वेगळे पत्र लिहून विचारावा.